बेगम बाजारचे पार्लमेंट
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



गणपतीपुढे भाषणाला उभे राहिले की लोकमान्यांपासून सुरुवात करायची आणि 'आजच्या पिढीवर' येऊन थांबायचे, अशी एक मळलेली वाट आहे. आमच्या शनिवारच्या बैठकीला यंदा व्याख्यानमालेत जागा मिळाली, तेव्हा त्या वाटेने जायचे नाही असे आम्ही ठरवले. कारण आम्हाला एका आरोपाचे उत्तर द्यायचे आहे. 'बेगम बाजारात बसून लंडनचे पंतप्रधान बदलतात आणि मंगळावर प्लॉट पाडतात, घरचे नळ मात्र गळतात,' असे आमच्याविषयी बोलले जाते. बोलणाऱ्यांत आमच्या घरची मंडळीही आहेत, आणि त्यांतली काही आज पहिल्या रांगेत बसली आहेत.

आरोपातली माहिती बरोबर आहे. शनिवारी रात्री घाऊक दुकानांची शटर्स उतरली, हमालांच्या हातगाड्या भिंतीला लागल्या, की मसाल्याच्या गोदामावरच्या खोलीत आम्ही बारा-तेरा जण जमतो. खाली मिरची आणि हळदीची पोती, त्यामुळे पहिली दहा मिनिटे शिंकण्यात जातात. मग वाद सुरू होतो. विषय आलटून पालटून तीनच: ब्रिटनचे राजकारण, विज्ञानकथा आणि रोजचे जगणे. नियमही तीन. बोलायचे मराठीत. मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवायचा नाही. आणि चिठ्ठी टाकून ज्याच्या वाट्याला जी बाजू येईल ती त्याने मांडायची, मग ती मनाला पटो वा न पटो.

ब्रिटनच का, हे आधी सांगतो. आमच्यातले निम्मे राज्य सरकारचे नोकर. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन खात्याला चिकटलो ते अजून चिकटलेलेच आहोत. सरकारी नोकराने आपल्या सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू नये, असे १९६४ चे वर्तणूक नियम सांगतात. नियमाविषयी आमची तक्रार नाही, पगार वेळेवर होतो. पण राजकारणाशिवाय चहा घशाखाली उतरत नाही त्याला काय करणार? तेव्हा असा देश निवडला, की ज्याच्या पंतप्रधानाला काहीही म्हटले तरी सोमवारी टेबलावर मेमो येत नाही.

पण ब्रिटन आपल्याला वाटते तितके लांबही नाही. इथून कोटी चालत जाण्याइतके. महिला महाविद्यालयाची, आता विद्यापीठाची, ती खांबांची जुनी वास्तू म्हणजे ब्रिटिश रेसिडेन्सी. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी माणसे जमवून तिच्यावर हल्ला केला, आणि तुर्रेबाज खान आपल्या याच बेगम बाजारचा. म्हणजे ब्रिटनच्या राजकारणावर या बाजाराने आपले मत फार पूर्वीच नोंदवलेले आहे, तेही बंदुकीने. आम्ही त्या मानाने सौम्य आहोत.

पुढची गोष्ट अधिक विचित्र. रेसिडेन्सीभोवतीचे बाजार १९३३ पर्यंत इंग्रजांच्या अखत्यारीत होते. ते निजामाला परत मिळाले आणि सुलतान बाजार झाले. तोवर या बाजूला निजामाचा कायदा आणि चार गल्ल्या ओलांडल्या की इंग्रजांचा. संस्थानात राजकीय सभा घ्यायची तर आधी परवानगी, आणि ती सहसा मिळायची नाही. हैदराबादच्या राजकीय परिषदा म्हणून संस्थानाबाहेर भरल्या: काकीनाडा, मुंबई, पुणे, अकोला. घरच्या प्रश्नावर बोलायला दुसऱ्याचे अंगण. आमच्या बैठकीतल्या शिक्षिका ताई म्हणाल्या होत्या, "आपण लंडनवर बोलतो ते काही नवे नाही, हैदराबादकराची ही जुनी सवय आहे." त्यावर आमच्यातल्या एकाने विचारले, की ज्या इंग्रजाच्या बाजारात थोडे मोकळे बोलता येत होते तोच इंग्रज निजामाच्या पाठीशी उभा होता, त्याचे काय? तो वाद दोन शनिवार चालला. निकाल लागला नाही.

आता वेस्टमिन्स्टरकडे. तिथल्या कॉमन्स सभागृहात सरकार आणि विरोधक समोरासमोर बसतात, मध्ये गालिच्यावर दोन लाल रेघा. दोन तलवारींची टोके एकमेकांना लागू नयेत इतके ते अंतर, असे परंपरेने सांगतात. आम्हाला त्याहून जास्त आवडलेली गोष्ट अशी की तिथे विरोधी पक्षाला राजाचा 'एकनिष्ठ विरोधी पक्ष' म्हणतात आणि १९३७ पासून त्याच्या नेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. सरकारला 'तुमचे चुकते आहे' हे सांगण्याचा पगार! आपल्याकडेही १९७७ च्या कायद्याने तशी सोय झाली. आमच्या खात्यात मात्र असे पद अजून निघालेले नाही.

२३ जून २०१६ ला ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. सोडायचे म्हणणारे ५१.९ टक्के, राहायचे म्हणणारे ४८.१. स्कॉटलंडमध्ये मात्र ६२ टक्के लोक राहायचे म्हणत होते. पुढच्या आठ वर्षांत त्या देशाने सहा पंतप्रधान पाहिले. लिझ ट्रस यांची कारकीर्द ४९ दिवसांची. एका वर्तमानपत्राने सॅलडच्या पानांचा गड्डा कॅमेऱ्यासमोर ठेवला होता, आधी कोण कोमेजते ते बघायला. गड्डा जिंकला. त्या शनिवारी आमच्यातले घाऊक व्यापारी शेठजी म्हणाले, "नाशवंत माल उधारीवर घेऊच नये."

याच शेठजींनी २०२४ च्या निवडणुकीचा हिशेबही एका वाक्यात मांडला. ४ जुलैला मजूर पक्षाला मते पडली ३३.७ टक्के आणि ६५० पैकी जागा मिळाल्या ४११. "भांडवल तिसरा हिस्सा, आणि दुकान जवळपास दोन-तृतीयांश आपल्या नावावर. असा भागीदार मला शोधून द्या." रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मतांवर ५ जागा, आणि त्याहून कमी, १२.२ टक्के मते घेणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ७२. सर्वांत जास्त मते ज्याला तो निवडून, ही पद्धत आपण त्यांच्याकडूनच घेतली. याच्या पुढचे वाक्य १९६४ च्या नियमांत बसत नाही. त्या शनिवारीही ते आम्ही चहाबरोबर गिळले.

विज्ञानकथा आमच्याकडे आली ती नारळीकरांमुळे. २० मे २०२५ ला डॉ. जयंत नारळीकर गेले, त्या आठवड्यात ब्रिटनचा विषय बाजूला ठेवून आम्ही फक्त त्यांच्यावर बोललो. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव घेतलेले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी ती लिहून काढली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. एवढे नाव झालेल्या माणसाने बिननावाने परीक्षेला बसावे, हे आम्हा खात्यांतर्गत परीक्षा देणाऱ्यांना फार भिडले.

पण आमच्या बैठकीच्या कामाची गोष्ट त्यांच्या विज्ञानात आहे. केंब्रिजला त्यांचे गुरू फ्रेड हॉइल. विश्वाला आरंभ नाही, ते स्थिर स्थितीत आहे, हा हॉइल यांचा पक्ष. विश्व एका महास्फोटातून निघाले हा समोरचा पक्ष. त्या समोरच्या पक्षाला 'बिग बँग' हे नाव दिले ते हॉइल यांनीच, १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर बोलताना. विरोधकाने ठेवलेले नाव आज शाळेच्या पुस्तकात आहे! १९६१ मध्ये केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांनी रेडिओ दुर्बिणीचे आकडे पुढे करून हॉइल यांचा पक्ष खोटा ठरला असे जाहीर केले. तेव्हा विशीतले नारळीकर गुरूच्या बाजूने त्या आकड्यांशी झुंजायला उतरले. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशातले सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडल्यावर बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाकडे गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी आपल्या पक्षाची सुधारलेली मांडणी पुढे आणली. आयुष्यभर अल्पमतात राहिले. आणि त्याच माणसाने १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली. खगोलशास्त्राचा एकनिष्ठ विरोधी पक्ष म्हणावे तर हाच. त्यांचा पक्ष बरोबर होता का, यावर आम्ही डिप्लोमावाल्यांनी मत देऊ नये. पण हरत असलेली बाजू न चिडता, न रुसता, आकडे देऊन कशी मांडावी हे त्यांच्याकडून शिकावे, असे आमचे मत आहे आणि ते ठाम आहे.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' तुमच्यातल्या पुष्कळांनी वाचली असेल. मुलांनी ती अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' म्हणून वाचली. गोळी विश्वासरावांना लागत नाही, मराठे पानिपत जिंकतात, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्याच हिंदुस्थानात जाऊन पोहोचतात. तिथे मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनी आहे, पण देशावर इंग्रजांचे राज्य नाही. आणि तिथल्या एका सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसली म्हणून पंत जाऊन बसतात, तर श्रोते खवळतात. अध्यक्ष, परिचय, आभार यांना कंटाळून त्या लोकांनी ती प्रथाच बंद केलेली असते. सभाध्यक्षांनी हे मनाला लावून घेऊ नये.

या कथेवर आम्ही किती भांडलो म्हणून सांगू! मराठे जिंकले असते तर हैदराबादचे काय? पानिपताला निघण्याआधी, १७६० मध्येच सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला हरवले होते. मग निजाम उरला असता का? रेसिडेन्सी बांधली गेली असती का? ती नसती तर सुलतान बाजार नाही, तिथल्या शाळा-ग्रंथालये नाहीत, आणि इथे कारकुनी, शिक्षकी, व्यापार करायला आलेले आपले आजे-पणजे तरी आले असते का? एका गोळीवर आपल्या सगळ्यांचा पत्ता अवलंबून! शेठजींचे मत, राज्य कोणाचेही असो, हळद निजामाबादहूनच आली असती.

या वादात एक गंमत लक्षात आली, आणि खरे तर हेच सांगायला आम्ही उभे आहोत. आवाज चढला की आमची मराठी सुटायची. देवाला नैवेद्य, आमटीला फोडणी, लग्नाची याद, तेराव्याची तयारी, इतके सगळे आम्हाला मराठीत येते. पण 'तुमचा मुद्दा मान्य, मात्र त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मान्य नाही' हे म्हणायची वेळ आली की जीभ दखनीत नाहीतर इंग्रजीत वळायची. घरी कधी असे वाक्य लागतच नाही ना. शाळेत मुलांना तेलुगू आहे. २०१८ च्या कायद्याने ती सर्व शाळांत सक्तीची झाली, आणि ज्या राज्याचे मीठ खातो त्या राज्याची भाषा आलीच पाहिजे. इंग्रजी आहे, हिंदी आहे. मराठीला राहिला स्वयंपाकघर आणि देव्हारा. तिथे भाषा सुरक्षित असते, स्वच्छ असते, पण तिथे कोणी कोणाला विरोध करत नाही. आणि विरोध करायला जी भाषा उपयोगी पडत नाही ती पोरे हळूच खाली ठेवतात. आपल्या आरतीच्या पाठांतर स्पर्धेला चाळीस मुले असतात. आम्ही मागच्या वर्षी मुलांची वादसभा ठेवली, तर मराठीत बोलायला चारच उभी राहिली.

असे का व्हावे? या शहराला भांडायचे शब्द मराठीने दिले आहेत. हैदराबादी माणूस 'नक्को' म्हणतो, तो आपला 'नको'. 'ऐसाइच', 'मैंइच' यातला तो शेवटचा ठोसा म्हणजे आपला 'च'. नकार आणि हट्ट, वादाला लागणारी दोन्ही हत्यारे आपली! चारमिनारपासून सिकंदराबादपर्यंत सगळे ती वापरतात, आणि आपणच आपल्या घरात ती म्यानात ठेवून बसलो आहोत.

आता तिसरा विषय, रोजचे जगणे. तो सर्वांत अवघड. लंडनवर आणि पानिपतावर भांडून झाल्यावर हात मिळवता येतो. घरच्या गोष्टीवर भांडलो तर उद्या पंगतीला शेजारी बसायचे असते. म्हणूनच आम्ही आधी लांबच्या विषयांवर तालीम केली, असे आज म्हणता येईल. तेव्हा तसे काही ठरवलेले नव्हते.

आमच्यात दोघे सख्खे भाऊ आहेत. दोघांची परवानगी घेऊनच हे सांगतो आहोत. आजोबांच्या वेळचे घर, खाली भाडेकरूचे दुकान, वर लाकडी जिना आणि तीन खोल्या. बेगम बाजारातल्या अशा घरांचे पुढे काय होते ते तुम्हाला माहीत आहे: गोदाम. गिऱ्हाईक लागले होते. थोरल्यांना विकायचे होते, मेट्रोजवळ मियापूरला फ्लॅट घ्यायचा होता. धाकट्यांना राहायचे होते. वर्षभर दोघे एका घरात राहून या विषयावर एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. जेवणाच्या ताटावरून निरोप वहिनींमार्फत जात होते. एका शनिवारी आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्या काकांनी सरळ विषय लिहिला: 'घर सोडायचे की राहायचे.' वर कंसात: ब्रेक्झिट. सगळे हसले, ते दोघे सोडून.

चिठ्ठ्या टाकल्या. थोरल्यांच्या वाट्याला आले 'राहायचे' आणि धाकट्यांच्या वाट्याला 'सोडायचे'.

धाकटे उठले आणि हिशेब मांडू लागले. गल्लीत फायर ब्रिगेडची गाडी वळत नाही. मुलीला कॉलेजहून यायला रात्री रिक्षा मिळत नाही. जिन्याची तिसरी पायरी दोनदा बदलली. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला, कारण यातला एकही मुद्दा दादांनी त्यांना कधी सांगितलेला नव्हता. त्यांचे त्यांनाच तो माहीत होता. मग थोरले उठले. बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, "आईला शेवटचे या जिन्यावरून उतरवले. फ्लॅटला लिफ्ट असेल." एवढेच, आणि बसले. मग काकांनी आठवण करून दिली की वेळ अजून सहा मिनिटे आहे. तेव्हा पुन्हा उठून त्यांनी गणपतीचा हिशेब सांगितला: या गल्लीत मराठी घरे किती होती, किती उरली, आणि आपण गेलो तर मिरवणुकीत मूर्तीला खांदा द्यायला कोण राहते.

वहिनी बैठकीच्या सभासद आहेत, चहा करायला आलेल्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही बाजू फेटाळल्या. "राहा म्हणणाऱ्यांनी आठवडाभर पाणी वर चढवून बघावे. आणि सोडा म्हणणाऱ्यांनी मियापूरला माझ्याशी दुपारी मराठीत बोलणारी एक बाई दाखवावी." यावर कोणाकडेही उत्तर नव्हते. आजही नाही.

मतदान झाले, भावांनी मत दिले नाही. सहा विरुद्ध पाच, 'सोडायचे' जिंकले. थोरले उठून म्हणाले, झाले तर मग. तेव्हा काकांनी १९७९ काढले. त्या वर्षी स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यायची का यावर कौल घेतला. ५१.६ टक्के मते 'हो' अशी पडली, तरी विधानसभा मिळाली नाही; कारण एकूण मतदारांपैकी निदान ४० टक्क्यांनी 'हो' म्हटले पाहिजे अशी अट होती, आणि भरले ३२.९. २०१६ ला अशी कुठलीच अट नव्हती. काका म्हणाले, "जी गोष्ट परत फिरवता येत नाही ती एका मताने करायची का, ते आधी ठरवा. घर विकले की विकले." मग त्यावर वाद झाला. रात्रीचे साडेअकरा वाजले. खालचा राखणदार वर येऊन बघून गेला, मारामारी तर नाही ना. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत होते. जोरजोरात, मराठीत, आणि मध्ये निरोप्या कोणी नव्हता.

घर अजून विकलेले नाही. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेले. ब्रिटनच्या पार्लमेंटने २०१९ मध्ये थेरेसा मे यांचा करार तीनदा फेटाळला होता, तेव्हा अजून एक फेरी बाकी आहे असे धाकटे म्हणतात. दरम्यान पाणी वर चढवायला मोटर बसली, अर्धे पैसे थोरल्यांनी दिले. जिना व्हायचा आहे. मियापूरच्या बाजूला मराठी घरे किती, याची यादी वहिनी करत आहेत; तुमच्यापैकी कोणाचे नातेवाईक तिकडे असतील तर कार्यक्रमानंतर त्यांना भेटावे.

विसर्जनानंतरच्या पहिल्या शनिवारी विज्ञानकथेची पाळी आहे. विषय ठरला आहे: यंत्राने निवाडा केला तर तो मानायचा का. चिठ्ठ्या रात्री साडेनऊला पडतील. मागच्या वर्षी उभी राहिलेली ती चार मुले येणार आहेत, त्यांच्यासमोर बसायला आणखी चार हवी आहेत. नावे शिक्षिका ताईंकडे द्यावीत. आणि येताना रुमाल आणावा, खाली नवी मिरची आली आहे.